मटकीचं फडकं आणि चंद्रावरचं बी

जरा अशी कल्पना करा, की तुमच्या तळहातावर चिमूटभर बी आहे. जिऱ्यापेक्षा बारीक, चपटं, काही दाणे काळे, काही राखाडी. जोरात फुंकर मारली तर उडून जाईल, म्हणून तुम्ही श्वाससुद्धा बेताने घेताय. कल्पना नीट जमली ना? आता तिच्यात एवढीच भर घाला, की हे बी चंद्रावर पिकलेलं आहे.

अकोल्याच्या केतकी इंगोलेला कल्पना करायची गरज नव्हती. तिच्याकडे असं बी खरोखरच होतं, आणि त्याने तिला वैताग आणला होता.

केतकीची सानिकाआत्या वनस्पतिशास्त्रज्ञ होती आणि वर्षभर चांद्रतळावर (चंद्रावर माणसांनी राहण्यासाठी बांधलेली वसाहत) काम करत होती. तिथल्या लोकांना ताजी भाजी मिळावी, हे तिचं काम. भाज्यांत तिचा सगळ्यात जीव लेट्यूसवर. ही कोशिंबिरीत घालायची पानं महिना-दीड महिन्यात तयार होतात, कच्ची खाता येतात, शिजवायला वीज लागत नाही. चंद्रावर या तिन्ही गोष्टींना फार किंमत असते. आत्याने लेट्यूसच्या पाच जाती लावल्या. बटरहेडची पानं मऊ, हातात घेतली तर लोण्यासारखी. रोमेन उंच, ताठ, मधली शीर कुरकुरीत. आइसबर्गचा गड्डा कोबीसारखा घट्ट. ओकलीफची पानं कातरलेली. पाचवी लोलो रोसो, तांबडी आणि झालरीच्या फ्रॉकसारखी चुण्याचुण्यांची.

त्यांतली काही रोपं आत्याने खुडलीच नाहीत. त्यांना फुलं येऊ दिली, बी धरू दिलं, आणि परतणाऱ्या यानातून त्या बियांच्या पाच पुड्या अकोल्याला पाठवल्या. सोबत निरोप होता: "प्रयोगशाळेत काहीही उगवतं. मला हे साध्या घरात, साध्या कुंडीत, साध्या माणसाच्या हाताने उगवलेलं बघायचंय. केतकीने लावावं. थोडं बी मागे ठेवावं आणि शेजारी एका कुंडीत बाजारातलं बी लावावं."

शुक्रवारी संध्याकाळी चांद्रतळावर बैठक होती. आत्याचं बी घरात उगवलं, तर पुढच्या हंगामात चंद्रावर चंद्राचंच बी पेरायचं. नाही उगवलं, तर चंद्रावर धरलेलं बी निकामी आहे असं समजून आत्याचे वाफे उपटायचे आणि बी पृथ्वीवरून न्यायचं, कायमचं.

आणि आज मंगळवार उजाडला होता. सहाच्या सहा कुंड्यांत नुसती माती होती.

केतकी गच्चीवर उकिडवी बसून त्या मातीकडे रागाने बघत होती. ऑक्टोबरचं ऊन हिरव्या जाळीतूनही चटके देत होतं. शेजारी खंडू उभा होता. खंडू म्हणजे त्यांच्या घरचा बागकाम करणारा रोबो. उंचीला बादलीएवढा, चार चाकं, दोन हात आणि पाठीत एक पंखा. त्याचं डोकं तापलं की तो पंखा जोरात फिरायचा. केतकीशी बोलताना तो बहुतेक वेळा जोरातच फिरत असायचा.

"तू पाणी कमी घातलंस," केतकी म्हणाली.

खंडूने मातीत बोट खुपसलं आणि ओल बरोबर असल्याचं सांगितलं. मग खत जास्त झालं असेल, असं केतकी म्हणाली. खत अजून घातलेलंच नाही, असं खंडूने कळवलं. मग मुंग्यांनी बी नेलं असेल. त्यावर खंडूने गच्चीवरच्या मुंग्यांची वाट कुठून कुठे जाते ते सविस्तर सांगायला घेतलं, तेव्हा केतकीने कानांवर हात ठेवले.

"तुला काहीच कसं कळत नाही रे?"

"कळतं. पाणी बरोबर, माती बरोबर, जाळी बरोबर," खंडू म्हणाला. "जे मला सांगितलं गेलं ते सगळं बरोबर आहे. जे सांगितलं नाही त्याची जबाबदारी माझ्यावर नाही, केतकीबाई."

खंडू 'केतकीबाई' म्हणायला लागला, की तो चिडलाय असं समजायचं.

दुपारी आत्याचा फोन आला. चंद्रावर बोलणं मोठं कटकटीचं असतं. आपला आवाज प्रकाशाच्या वेगाने गेला तरी त्याला तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण आपण बोलून गप्प बसावं, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा बोलायला लागावं, आणि नेमकं तेव्हाच पहिल्या बोलण्याचं उत्तर यावं, असं होत राहतं. केतकी आणि आत्या दोघीही उतावळ्या. दोघींची वाक्यं एकमेकींच्या अंगावर आदळत होती.

"उगवलं का गं?"

"आत्या, ऐक ना..."

"किती आलेत? बटरहेड आधी आलं असेल."

"काहीच नाही आलं."

"रोमेनला जरा वेळ... काय म्हणालीस?"

केतकीने ते पुन्हा सांगितलं. शेवटी आत्या म्हणाली की हरकत नाही, जे दिसतंय तेच लिहून पाठव, शुक्रवारपर्यंत वाट बघू. फोन ठेवण्याआधी तिने वहिनीची, म्हणजे केतकीच्या आईची, खुशाली विचारली. पण तिचा आवाज भरली घागर उचलताना येतो तसा दबलेला होता.

केतकी पुन्हा गच्चीवर आली आणि तिने एका रिकाम्या कुंडीला लाथ मारली. कुंडी सिमेंटची होती. केतकी एका पायावर नाचली.

"मेलंय ते बी," ती तळवा चोळत म्हणाली. "चंद्रावर वजन कमी भरतं, तिथे काय काय किरण अंगावर पडतात. त्यानेच मेलं असणार. आता आत्याचे वाफे उपटणार आणि ते माझ्या हातून सिद्ध होणार."

खंडू आपल्या चाकांवर हळूच पुढे आला. "सहावी कुंडी बघितली का?"

सहाव्या कुंडीत बाजारातल्या लेट्यूसचं बी होतं. आत्याने सांगितलं म्हणून केतकीने ते लावलं आणि विसरून गेली. बाजारातल्या बियांकडे कोण बघतो? सगळ्यांचं लक्ष चंद्राकडे. केतकीने आता वाकून नीट पाहिलं. तिथेही नुसती माती होती.

"हे बी कधी चंद्रावर गेलं होतं?" खंडूने विचारलं.

"नाही. चौकातल्या दुकानातून आणलं."

"मग ते का उगवलं नाही?"

केतकी पाय चोळायची थांबली. अशा कुंडीला तुलनेची कुंडी म्हणतात (ज्या गोष्टीवर संशय आहे ती सोडून बाकी सगळं सारखं ठेवलेली कुंडी). ती लावण्याचं कारण हेच. फक्त चंद्राचं बी रुसलं असतं, तर संशय चंद्रावर गेला असता. पण दोन्ही रुसली, याचा अर्थ दोघांना काहीतरी एकच गोष्ट आवडलेली नाही, आणि ती गोष्ट याच घरात घडलेली आहे.

"पहिल्यापासून सांग, तू काय काय केलंस," खंडू म्हणाला.

केतकीने सांगितलं. कुंड्या भरल्या, माती चाळली, बी लावलं.

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. बी आणलं."

"आणलं आणि लगेच लावलं?"

"लगेच कसं लावणार? आधी बांधून ठेवलं होतं ना."

खंडूचा पंखा फिरायला लागला. कशात बांधलं, असं त्याने विचारलं. फडक्यात, असं केतकीने सांगितलं. हा काय प्रश्न झाला? बियांना मोड आणायचे तर सगळे तेच करतात. मटकी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, डब्यात घालून उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी फडक्यातून मोड बाहेर येतात. हे तिने आईला दर आठवड्याला करताना पाहिलं होतं. आपण आत्याच्या बियांची जास्त काळजी घ्यावी, म्हणून तिने सहा वेगळी फडकी घेतली, सहा पुरचुंड्या बांधल्या आणि घरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवल्या, म्हणजे सौर पॅनेलच्या बॅटरीच्या कपाटात. चार दिवस ठेवूनही मोड दिसले नाहीत, तेव्हा तिने ते बी तसंच मातीत लावलं. आणि वर उडू नये म्हणून मुगासारखं, बोटाच्या पेराएवढं खोल दाबलं.

"हे मला का नाही सांगितलं?" खंडूचा पंखा आता घरघरत होता.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? आणि तू तिथे नव्हतास."

"मी तिथे नसतोच. मला स्वयंपाकघरात यायला मनाई आहे."

ते खरं होतं. उन्हाळ्यात खंडू चिखलाची चाकं घेऊन वाळत घातलेल्या कुरडयांवरून गेला होता. तेव्हापासून आईने त्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीपलीकडे येऊ दिलं नव्हतं. त्यामुळे झालं असं, की बागेतलं सगळं माहीत असलेल्याला स्वयंपाकघरातलं माहीत नव्हतं, आणि स्वयंपाकघरातलं सगळं माहीत असलेलीला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

खंडूने केतकीला तापमापक दिला आणि बॅटरीच्या कपाटात ठेवून यायला सांगितलं. थोड्या वेळाने तिने आणून दाखवला. पारा अडतीस अंशांवर होता.

"आता मटकीचा एक दाणा आण," खंडू म्हणाला.

केतकी चिडचिडत खाली गेली आणि दाणा घेऊन आली, सोबत आत्याच्या पुड्याही. खंडूने तो लेट्यूसच्या एका दाण्याशेजारी ठेवला. हत्तीशेजारी उंदीर बसावा तसं ते दिसत होतं.

इथून पुढचं तुम्हीही सावकाश वाचा, कारण कोडं इथेच सुटतं.

प्रत्येक बियाच्या आत एक इवलं रोप झोपलेलं असतं आणि सोबत त्याची शिदोरी असते. पानं फुटून उन्हात स्वतःचं अन्न करता येईपर्यंत रोपाला त्या शिदोरीवरच जगायचं असतं. मटकीची शिदोरी मोठी. ती जमिनीत खोल असली तरी तिच्या कोंबाला वर येईपर्यंत पुरते. लेट्यूसची शिदोरी म्हणजे एक घास. ते खोल जागी उगवलं, तर उजेडापर्यंत पोचण्याआधी घास संपेल आणि रोप अंधारातच मरेल. म्हणून उगवण्याआधी, आपण जमिनीच्या वरच्या बाजूला आहोत का, हे त्याला कळायला हवं.

"त्याला डोळे आहेत का?" केतकीने विचारलं.

डोळे नाहीत, पण डोळ्यांचं काम करणारं काहीतरी आहे, असं खंडू म्हणाला. त्याचं नाव फायटोक्रोम (वनस्पतीतलं प्रकाश ओळखणारं रंगद्रव्य). ते दिव्याच्या बटणासारखं चालतं. उन्हातला लाल प्रकाश पडला की बटण चालू होतं आणि बी अंकुरणाला (बियातून कोंब बाहेर येण्याला) लागतं. अंधारात बटण बंद राहतं. आणखी गंमत अशी, की मोठ्या झाडांची पानं लाल प्रकाश स्वतःसाठी ठेवून घेतात आणि अतिलाल प्रकाश (लालच्याही पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा) खाली जाऊ देतात. त्या अतिलाल प्रकाशाने बटण बंद होतं. म्हणजे दाट सावलीत पडलेल्या बियाला कळतं, की वर कुणीतरी मोठं उभं आहे, आत्ता उठून उपयोग नाही.

"मी त्याला फडक्यात गुंडाळलं," केतकी म्हणाली. "आणि मग पुरलं."

"आणि भाजलंस," खंडू म्हणाला. "ते राहिलं."

लेट्यूस हे थंडीतलं पीक. तीस अंशांच्या आसपास गरम झालं, की बहुतेक जातींच्या बियात 'थांब' सांगणारं द्रव्य वाढतं आणि ओल असूनही बी उठत नाही. कारण अशा उन्हाळ्यात कोवळं रोप टिकणार नाही. बी जिवंतच असतं, पण सुप्तावस्थेत (जिवंत असून वाढ थांबवलेल्या झोपेत) जातं. ओल्या अवस्थेत बराच काळ उकाड्यात राहिलं, तर ही झोप इतकी गाढ होते, की नंतर गारवा मिळाला तरी लगेच मोडत नाही.

केतकीने बोटांवर हिशेब मांडला. मटकीला ऊब हवी, अंधार चालतो. लेट्यूसला गारवा हवा, उजेड हवा. तिने काळजी घेऊन, सहा फडकी खर्ची घालून, नेमकं सगळं उलटं केलं होतं.

"मग आधीच कुणी का नाही सांगितलं?" ती शेवटी म्हणाली. यावर खंडूचा पंखा असा काही फिरला, की पुड्यांतलं बी उडू नये म्हणून तिने त्यावर झडप घातली.

पुड्यांत प्रत्येक जातीचं थोडं थोडं बी उरलं होतं. केतकीला ते सगळंच्या सगळं आत्ता पेरायचं होतं. खंडू म्हणाला की निम्मं ठेव. ती म्हणाली की शुक्रवार तोंडावर आलाय. तो म्हणाला की म्हणूनच. त्यावरून दोघांचं एवढं वाजलं, की खालून आईने विचारलं, वर नक्की किती जण आहेत. शेवटी केतकीने प्रत्येक पुडीतलं निम्मं बी बाजूला काढलं, पण तोंड वाकडं करून.

आता प्रश्न गारव्याचा. ऑक्टोबरात अकोल्यात वीस-बावीस अंश आणायचे कुठून? फ्रिजमध्ये चार अंश असतात, तिथे बी उगवायला फार वेळ घेईल. केतकी घरभर तापमापक घेऊन फिरली. पलंगाखाली तीस. मोरीत अठ्ठावीस. वैतागून ती पाणी प्यायला माठाकडे गेली आणि हातातला पेला तसाच राहिला. माठाला आईने ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. पाणी वाळताना भोवतालची उष्णता घेऊन जातं, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. तिने तापमापक गोणपाटाला टेकवला. एकवीस.

तिने एका ताटलीत ओला कागद अंथरला, त्यावर पाच जातींचं बी पाच ओळींत ठेवलं आणि वर माती घातलीच नाही. ताटली माठाला चिकटून, ओल्या गोणपाटाच्या पदरावर, खिडकीच्या उजेडात ठेवली. बाजारातल्या बियाच्या तिने चार ताटल्या केल्या: एक गार उजेडात, एक गार अंधारात, एक गरम उजेडात, एक गरम अंधारात. खंडूला पायरीवरून काहीच दिसत नव्हतं, म्हणून तो दर थोड्या वेळाने तिथूनच ओरडून विचारायचा. केतकी ओरडून सांगायची की काही नाही. आई दोघांनाही ओरडायची.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी बटरहेडचा एक दाणा टोकाशी फुटल्यासारखा दिसला. केतकीला वाटलं, आपल्याला उगाच तसं वाटतंय. शुक्रवारी सकाळी तिने ताटली उचलली आणि उजेडाकडे धरली. बटरहेडच्या ओळीत केसासारखी पांढरी मुळं वळवळून कागदाला चिकटली होती. रोमेनचीही. आइसबर्ग आणि ओकलीफ नुकती फुटत होती. बाजारातल्या बियाच्या ताटल्यांत, गरम अंधारातली ताटली पेरली तशीच होती, गरम उजेडात दोन-तीन चुकार दाणे, गार अंधारात थोडे अधिक, आणि गार उजेडातले जवळजवळ सगळे उठले होते.

केतकी ताटली घेऊन पायरीपर्यंत धावली. खंडूने वाकून प्रत्येक दाणा पाहिला. पंखा या वेळी अगदी हळू फिरत होता.

"पाचवी ओळ?" तो म्हणाला.

लोलो रोसोच्या ओळीत काहीच नव्हतं.

केतकीने दुपारपर्यंत वाट पाहिली. ओळीकडे बघून ती रागावली, मग तिने त्या दाण्यांची विनवणीही केली. दाणे तसेच पडून राहिले. बैठकीची वेळ झाली आणि आत्याचा फोन आला.

चार जाती उगवल्याचं केतकीने सांगितलं. फडक्याचंही सांगितलं, मटकीपासून बॅटरीपर्यंत सगळं. सव्वा सेकंद जायला, सव्वा सेकंद यायला, आणि मग आत्याचं हसू ऐकू आलं, आणि तिच्या मागे आणखी कुणाकुणाचं. वाफे आता राहणार, असं आत्या म्हणाली. पुढच्या वर्षी चंद्राच्या बियांचं बी येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्याचं. कदाचित एक दिवस तिथली माणसं पृथ्वीवरून बी मागवणारच नाहीत.

"आणि लोलो रोसो?" आत्याने विचारलं. "बैठकीत काय सांगू, मेलं?"

केतकीने ताटलीकडे पाहिलं. एवढ्या वैतागानंतर 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं.

"नको," ती म्हणाली. "उगवलं नाही एवढंच सांग. त्याला काय हवंय ते आम्ही अजून नीट विचारलेलं नाही."

फोन ठेवून तिने लोलो रोसोची मागे ठेवलेली निम्मी पुडी काढली. काही जातींची झोप उतरायला आधी कडक थंडी लागते, असं खंडूने तिला दुपारीच सांगितलं होतं. तिने नवा कागद ओला केला, दाणे त्यावर एकेक करून ठेवले, डबीत घातले आणि डबी फ्रिजच्या सगळ्यात गार कोपऱ्यात सरकवली. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आई, ही मटकी नाही.' मग ती पायरीशी गेली, फडक्याने खंडूची चारही चाकं घासून पुसली, आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली.